एकच ब्लू-ब्लॅक शाई ठरवायची, त्याच्या नोंदी

३ जून

यंदा ठरवूनच टाकलंय, शाईपेनसाठी एक ब्लू-ब्लॅक (निळसर काळी) शाई पक्की करायची आणि बाकीच्या अर्ध्या-पाऊण बाटल्या ज्याला हव्या त्याला देऊन टाकायच्या, कारण ड्रॉवर उघडला की बाटल्या एकमेकींवर आपटतात आणि बायको विचारते की शाळेत पोरं सगळी जेल पेननं लिहितात मग हे दुकान कुणासाठी मांडलंय.

उत्तर शाळेच्या कपाटात आहे. गेल्या पावसाळ्यात कौल सरकलं आणि पाणी नेमकं दाखल-खारीज रजिस्टरवर आलं. टाक-दौतीच्या काळातली पानं तपकिरी-काळी पडलीत पण अक्षर न् अक्षर वाचता येतंय, आणि त्यानंतर कुणीतरी साध्या निळ्या शाईनं भरलेली पानं बघितली तर नावाच्या जागी नुसता निळा ढग. उद्या त्या नावाचा माणूस जन्मतारखेचा उतारा मागायला आला, जातीच्या दाखल्यासाठी आला, तर त्याला काय ढग दाखवायचा?

म्हणून अटी अशा. आपल्या साध्या कागदावर शाई फुटू नये, पाण्यानं जाऊ नये. इकडं खानापूरच्या दमट हवेत वेळेत वाळावी आणि सुट्टीत सासरवाडीला अथणीला गेलो की तिथल्या कोरड्या वाऱ्यात निबवरच वाळून बसू नये (जिल्हा एकच, हवा मात्र दोन देशांची). पेन धुण्यात रविवार जाऊ नये. रंग आवडणं सगळ्यात शेवटी, नाहीतर मी रंगावरच भाळतो आणि बाकीचं विसरतो.

थोरलीनं होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत शाया ओतून क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावल्यात, कुठली कुठली ते तिच्या कंपासपेटीत. पेन सगळे एकाच मॉडेलचे, स्वस्तातले, पारदर्शक, मिडियम निब. वासावरून ओळखायचं नाही अशी तिची अट आहे, ती जरा जड जाणार.

९ जून

शाईचे नमुने दाखवायचे म्हणलं की कंपन्या इंग्रजी अक्षरं काढून दाखवतात, तेही गुळगुळीत महागड्या कागदावर. त्यात आपली खरी अडचण दिसतच नाही, ती म्हणजे शिरोरेषा. इंग्रजीत पेन पुढं पुढं जातो, आपण मात्र शब्द लिहून परत मागं येतो आणि नुकत्याच लिहिलेल्या ओल्या कान्यांच्या डोक्यावरून निब ओढतो. म्हणून परीक्षेचा शब्द घेतला ‘विठ्ठल’. यात वेलांटी आहे, ठ ला ठ चिकटलाय, मधे पोटातली मोकळी जागा आहे, आणि वरून रेघ.

प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन बघितलं. क नं लिहिलेल्या शब्दात रेघ जिथं कान्याला भेटते तिथं प्रत्येक ठिकाणी बारीक केस फुटलेत, आणि खालच्या ठ चं पोट पार भरून गेलंय. हजेरीपटाच्या कागदावर तर मागच्या बाजूनंही विठ्ठल वाचता येतो. ख ओली आहे, रेघ ओढताना शाई थोडी ओढली जाते, पण कडा बऱ्यापैकी धरून ठेवते आणि एकाच अक्षरात कुठं गडद कुठं फिकी अशी छटा पडते ती बघत बसावीशी वाटते. ग एकदम कोरडी, निब कागदावर घासल्यासारखा आवाज करतो, पण रेघ सुरीनं कापल्यासारखी, सहावीच्या पोराच्या दोनशेपानी वहीतसुद्धा केस नाहीत. घ पण तशीच, फक्त जरा मोकळी वाहते.

कन्नडच्या मॅडमना तोच शब्द कन्नडमधे लिहायला सांगितला. तिथं सलग शिरोरेषाच नाही, प्रत्येक अक्षराला आपापला तलकट्टू (डोक्यावरची छोटी खूण), त्यामुळं ओल्यावरून ओढायची भानगड कमी. पण वळणं आणि वाटोळे फासे एवढे की ओली शाई आतल्या बाजूनं भरत जाते. त्यांना ख आवडली. त्या अक्षर मोठं काढतात, त्यांचे फासे भरतच नाहीत.

क इथंच बाद म्हणायला हरकत नाही, पण पाण्याची परीक्षा होऊ दे, एकदम हाकलायचं नको.

१४ जून

बेळगावला गेलो होतो, खडेबाजारात एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात लेजर पेपर घेतला. ब्लू-ब्लॅक आहे का विचारलं तर मालक म्हणाले, “आता कुठलं सर ते, रॉयल ब्लू न्या की, पोरांचं तेवढंच खपतंय, तेबी परीक्षेला एक मार्क अक्षराचा असतोय म्हणून.” मग बराच वेळ माळ्यावर खुडबुड करून लेबल निघालेली एक बाटली काढून दिली, पैसे घ्यायला तयार नाहीत, “हलवू नकासा, खाली गाळ बसलाय” एवढंच बजावलं. तिला च म्हणतो. मधला ङ कुणाच्या वाट्याला येत नाही, शाईच्या तरी कशाला.

गाळ म्हणजे ही जुन्या पद्धतीची लोखंडाची शाई असणार. ती बाटलीतच हवा लागून काळी पडून खाली बसली. असली शाई पेनात भरायची नाही, फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचेत जाऊन बसली की पेन गेला. टाकानं लिहून बघीन.

दुकानात कॅमलची पत्र्याची पाटी अजून आहे. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड विकून सुरुवात केली, तेव्हा नाव हॉर्स ब्रँड होतं, घोड्याचा उंट नंतर झाला. आणि गंमत म्हणजे तिकडं अमेरिकेत पार्करनं क्विंक बाजारात आणली तीही १९३१ सालीच, लवकर वाळणारी शाई म्हणून. आमच्या जूनमधे कुठलीच लवकर वाळत नाही तो भाग वेगळा.

२२ जून

पाऊस धरलाय. कपडे वाळत नाहीत, वह्या सर्दावल्यात, पान उलटलं तर आवाजच येत नाही. म्हणून त्याच कागदावर तेच शब्द परत लिहिले आणि फरक पडलाच, सर्दावलेल्या कागदात खळ नावापुरती उरते आणि शाई धाग्याधाग्यानं पळते. ख नं आज केस सोडले, जूनच्या सुरुवातीला सोडले नव्हते. ग आणि घ जागच्या जागी.

वाळायला सगळ्यांनाच वेळ. हजेरी घेऊन पट मिटला की समोरच्या पानावर शाईचे ठिपके उमटतात, टीपकागद ठेवायलाच लागतो. टीपकागद मिळतो कुठं म्हणाल तर कुठंच नाही, प्रयोगशाळेतला फिल्टर पेपर कापून वापरतोय.

३० जून

नववीला लोखंडाची शाई करून दाखवली. पुस्तकात नाही पण ऑक्सिडेशन याच्यापेक्षा चांगलं कशात दाखवणार.

सामान सगळं इथलंच. हिरडा आमच्या जंगलातला, एका पोराच्या आजीनं पिशवीभर पाठवला. मायफळ काष्ठौषधीच्या दुकानातलं, बाळगुटीत उगाळतात तेच, म्हणजे ओकच्या झाडावर किडा अंडी घालतो तिथं आलेली गाठ, युरोपात शेकडो वर्षं याच गाठींची शाई करायचे. तिसरं हिराकस, फेरस सल्फेट. हिरडा कुटून उकळला, चहासारखं पिवळट-तपकिरी पाणी आलं, त्यात हिराकसाचं पाणी चमचाभर घातलं आणि ग्लास बघता बघता काळानिळा. पोरं ओरडली. आमचं हिराकस जुनं, अर्धं पिवळं पडलेलं, म्हणून एवढं झटकन झालं. ताजं स्वच्छ असतं तर आधी फिकं दिसलं असतं आणि हवा लागेल तसं काळं होत गेलं असतं, कारण काळं व्हायला फेरसचं फेरिक व्हावं लागतं आणि त्याला ऑक्सिजन लागतो.

ब्लू-ब्लॅकची सगळी गोष्ट याच्यातच आहे. बाटलीत लोखंड फेरस ठेवायचं म्हणून शाई आंबट ठेवतात. कागदावर आली की हवेनं फेरिक होते, टॅनिनबरोबर (हिरड्या-मायफळातला तुरट भाग) काळी होऊन धाग्यात अडकून बसते आणि मग पाण्यात विरघळत नाही. पण लिहिताना फिकं दिसतं ना, लिहिणाऱ्याला काय लिहिलं ते कळायला नको का, म्हणून वर निळा रंग घातला. १८३२ साली लंडनला हेन्री स्टीफन्स या डॉक्टरनं ब्लू-ब्लॅक रायटिंग फ्लुइड म्हणून विकायला काढलं ते हेच. इंग्लंडात जन्म-मृत्यूच्या रजिस्टरला पुढं कितीतरी वर्षं असलीच शाई चालायची.

मग एका पोरीनं विचारलं की आंबटानं थांबतं तर आंबट घातलं तर उलटं फिरेल का. लिंबू होतंच. पिळलं, ढवळलं, आणि काळा ग्लास फिका होत गेला. ही पोरगी पुढं काहीतरी करणार.

डिंक घालून थोडी शाई गाळून ठेवलीय, बोरूनं लिहायला. पेनात नाही, डिंक चिकटून बसेल.

६ जुलै

फिल्टर पेपरच्या पट्ट्या. प्रत्येकीवर ठिपका, वाळू दिला, मग खालचं टोक पाण्यात. क चा ठिपका पूर्ण वर चढला, आधी जांभळट, मग निळा, सगळ्यात वर आकाशी, आणि मूळ जागी काहीच नाही, कागद कोरा. ग आणि घ चा निळा वर गेला आणि ठिपक्याच्या जागी राखाडी-काळा डाग घट्ट बसून राहिला. ख चंही बरंच मागं राहिलं, जरी डाग करडा नाही, निळाच.

म्हणजे क मधे नुसता रंग आहे. ग, घ लोखंडाच्या. ख चं गणित वेगळं, काहीतरी कागदाला धरून राहतं खरं.

१९ जुलै

पाण्याची परीक्षा, प्रयोगशाळेत नळाखाली न करता घरी पडवीत केली, कारण रजिस्टरवर पाणी आलं ते कौलातून आलं, नळातून नाही. आठवडाभर आधी लिहून ठेवलेल्या पट्ट्या पागोळीखाली फळीवर टाचल्या आणि जेवण करून येईपर्यंत ठेवल्या. मग चुलीवरच्या तारेवर वाळवल्या. आई म्हणाली मासळी तरी टांगायचास.

क गेली, निळसर पाणी फळीवरून ओघळलं. ख चा वरचा रंग थोडा गेला, शब्द शाबूत. ग करडी झाली, निळेपणा जवळजवळ संपला, पण विठ्ठल स्पष्ट. घ तशीच, आणखी थोडी गडद. च, ती दुकानातली बाटली, टाकानं लिहिलेली, एकदम काळी, जशीच्या तशी, वयाला शोभेल अशी. आमची हिरड्याची शाई पण टिकली, पोरांना सांगायला पाहिजे.

हे झाल्यावर मनात स्पर्धा ग, घ आणि ख एवढीच राहिली. खरं सांगायचं तर मन ख कडं ओढतंय. सकाळी डायरी लिहिताना हात आपोआप तोच पेन उचलतो, निब कसला सरकतो! पण डायरी काय, ती मी आणि उंदीर सोडून कुणी वाचणार नाही, आणि ही शाई निवडायची ती हजेरीपटासाठी.

१७ ऑगस्ट, अथणी

इकडं पावसाचं नाव नाही, नुसता वारा. सासऱ्यांच्या कट्ट्यावर तिन्ही पेन टोपण काढून ठेवले आणि अधूनमधून एक रेघ मारून बघत बसलो, मेव्हणा म्हणाला जावईबापू, सुट्टीत पण पेपर तपासताय काय. ग चा पेन पहिला बंद पडला, घ त्यानंतर, ख सगळ्यात उशिरापर्यंत लिहीत होती. अपेक्षितच होतं, कोरड्या वाहणाऱ्या शाईला कोरडी हवा सोसत नाही.

पण यात शाईइतकाच पेनाचा भाग आहे. घरून आणलेला जुना इबोनाइटचा (कडक रबराचा) पेन, ड्रॉपरनं शाई भरायचा, जाड फीडचा, जो इतर शायांनी नुसता गळतो, त्यात ग भरली तर काय सुंदर बसली! गळणाऱ्या पेनाला कंजूस शाई, दोघांचे दोष एकमेकांत जिरले. टोपण उघडं ठेवून गप्पा मारायची सवय सोडली की अथणीचाही प्रश्न सुटतो.

उन्हाची परीक्षा पण इथंच, दक्षिणेच्या खिडकीत काचेमागं शायांच्या पट्ट्या लावल्यात, प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याखाली. खानापुरात लावून उपयोग नव्हता, आमच्याकडं जुलैत ऊन बघायला सुट्टी काढावी लागते.

६ सप्टेंबर

गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या. खाली कार्बन असतो, त्यामुळं शाईपेन तिथं बिनकामाचा, दाबलं तर निब फाकेल. बॉलपेननं लिहिल्या. नोंद एवढ्याचसाठी की हे पण माहीत असावं, एकाच पेनात सगळं होत नाही.

१३ सप्टेंबर

धुण्याचा दिवस. ख साध्या पाण्यात दोन-तीनदा खेचली की पेन स्वच्छ. ग आणि घ चं तसं नाही, पाणी स्वच्छ यायला लागल्यावरही पारदर्शक फीडवर राखाडी सावली राहते. तिथं लिंबाचा ग्लास आठवला. लिंबात गर असतो म्हणून व्हिनेगर, भरपूर पाणी घालून पातळ केलेलं, पेनात भरून थोडा वेळ ठेवलं, मग परत साध्या पाण्यानं खळखळून. सावली गेली. लोखंडाच्या शाईचं पथ्य एवढंच, पेन भरून महिनोन् महिने पडू द्यायचा नाही, आत वाळू द्यायचा नाही, आणि तिच्यात दुसरी शाई मिसळायची नाही, दुसरी अल्कलाइन निघाली की आतल्या आत गाळ बसतो. स्टीलच्या निबला आंबट बाधतं, पण आताच्या शायांत लोखंड आणि आंबट दोन्ही बेतानं असतं, रोजच्या वापरात असलेल्या पेनाचं काही बिघडत नाही. जुन्या काळी घरोघर केलेल्या शायांत हिराकस अंदाजानं पडायचं, जास्त झालं की अक्षराच्या जागी कागदच जळून भोक पडायचं. आपल्या मोडी कागदांत बहुतेक काजळाची शाई, ती पाण्यानं पसरते पण कागद खात नाही.

१९ ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्टीत अथणीहून पट्ट्या आणल्या. क चा उघडा भाग फिका गुलाबी-करडा, झाकलेला भाग निळा, दोन माणसांनी लिहिल्यासारखं. ख थोडी उतरली, वाचायला अडचण नाही. ग आणि घ मधला निळा उन्हानं खाल्ला आणि राहिलं ते काळपट-तपकिरी, म्हणजे आमच्या रजिस्टरच्या जुन्या पानांचाच रंग.

९ नोव्हेंबर

थोरलीनं चिठ्ठी उघडली. ख म्हणजे पायलटची ब्लू-ब्लॅक, ग पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, घ प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक. क चं नाव लिहीत नाही, ती शाई पत्रं लिहायला केलेली, तिला पागोळीखाली उभी करणारा मीच. वासावरून ग ओळखली होती, पण बोललो नव्हतो.

ग ठरली. घ आणि ग मधे खरंतर हातभराचं अंतर पण नाही, घ वाहते जास्त छान आणि पाण्यात गडद राहते. तरीपण आमचा हजेरीपटाचा कागद जो सरकारी छापखान्यातून येतो आणि पावसाळ्यात जसा होतो, त्याच्यावर शिरोरेषा सगळ्यात स्वच्छ ग चीच, आणि वर्षातले चार-पाच महिने माझा कागद सर्दावलेलाच असतो. तिचा कोरडेपणा जो पहिल्या दिवशी खटकला होता तोच इथं कामाला येतो. अथणीसाठी इबोनाइटचा पेन आहेच.

घ ची बाटली पॅक करून ठेवली, ग संपली आणि मिळाली नाही तर. क थोरलीला, चित्रातल्या आभाळाला ती झकास पसरते. च कपाटातच राहू दे, टाकासकट.

ख कन्नडच्या मॅडमना दिली, पेनासकट. दुसऱ्याच आठवड्यात पेन रिकामा करून आल्या आणि आता विचारतायत की मोठी बाटली कुठं मिळते, त्यांच्या भावाला पण पाहिजे. ३५० मिलीची येते म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या दोन मागवा सर.